ट्यूनटूएफएस : डिस्क पुन्हा फॉरमॅट न करता सेटिंग बदलणाऱ्या अवजाराचे परीक्षण

एका छापखान्याच्या सर्व्हरमध्ये ४ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली, ती एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केली आणि माउंट झाल्याची, म्हणजे वापरासाठी जोडली गेल्याची, खात्री करण्यासाठी ‘डीएफ’ ही डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड दिली. तेव्हा शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या मालकांनी चष्मा वर सरकवत पडद्यावरचे आकडे वाचले आणि विचारले, “अहो साहेब, एकूण ३.६ लिहिलंय आणि मोकळी ३.४ लिहिलंय. डिस्क तर कोरी आहे. मग मधलं गेलं कुठे?” चारचे ३.६ कसे झाले हे समजावणे सोपे होते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि डीएफ १०२४ च्या पटीत मोजते. उरलेल्या तफावतीचे उत्तर मात्र तोंडी देण्याऐवजी मी एक कमांड टाइप केली आणि क्षणभरात मोकळ्या जागेत सुमारे १४९ जीबीची भर पडली. मापात मारलेली साखर दुकानदाराने परत आणून द्यावी, तसा मालकांचा चेहरा झाला. ती कमांड म्हणजे ट्यूनटूएफएस. पंधराहून अधिक वर्षे मी ती वेगवेगळ्या सर्व्हरवर वापरत आलो आहे. त्या वापरात तिने मला अनेकदा तारले, एकदा चांगलेच अडचणीत आणले, आणि म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

लिनक्सच्या एक्स्ट घराण्यातील फाइल सिस्टिमसाठी, म्हणजे एक्स्ट-२, एक्स्ट-३ आणि एक्स्ट-४ साठी, ईटूएफएसप्रॉग्ज नावाचा साधनसंच असतो आणि ट्यूनटूएफएस हे त्यातले एक साधन आहे. एक्स्ट-२ ही १९९३ ची. ती घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या रेमी कार्ड यांनीच हे साधनही लिहिले आणि पुढे त्याची देखभाल थिओडोर त्सो यांच्याकडे आली. किंमत काहीच नाही, परवाना मुक्त आहे, आणि डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्याला ते वेगळे आणावेही लागत नाही, कारण ते आधीपासूनच बसवलेले असते. चालवण्यासाठी रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागतात एवढेच. त्याचे काम एका वाक्यात सांगायचे तर फाइल सिस्टिमच्या सुरुवातीला १०२४ व्या बाइटपासून जो सुपरब्लॉक बसलेला असतो, ज्यात त्या फाइल सिस्टिमची जन्मपत्रिका लिहिलेली असते, त्यातल्या नोंदी वाचणे आणि बदलणे. तुमच्या फाइलींना ते सहसा स्पर्श करत नाही. हे ‘सहसा’ महत्त्वाचे आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम छापखान्यातल्या त्या जागेविषयी. एक्स्ट-४ फॉरमॅट करताना एकूण ब्लॉकांपैकी, म्हणजे डिस्कच्या समान तुकड्यांपैकी, ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवले जातात. यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले असे की एखाद्या वापरकर्त्याने किंवा बेफाम वाढलेल्या लॉग फाइलने डिस्क काठोकाठ भरली, तरी रूटच्या नावाने चालणाऱ्या सेवांना श्वास घेण्यापुरती जागा उरावी. दुसरे असे की डिस्क अगदी गच्च भरली की नव्या फाइलींना सलग जागा मिळत नाही, त्यांचे तुकडे पडतात आणि वेग उतरतो. ही ५ टक्क्यांची प्रथा ज्या काळात पडली तेव्हा डिस्क काहीशे एमबीच्या असत आणि राखीव जागा म्हणजे चिल्लर असे. आज ४ टीबीच्या डिस्कवर तीच टक्केवारी ४,८८,३७,७०८ ब्लॉक, म्हणजे चार केबीच्या हिशेबाने तब्बल १८६ जीबी अडवून बसते. त्या डिस्कवर ना कार्यप्रणाली आहे, ना रूटची कोणतीही सेवा. तिथे फक्त दिवाळी अंकांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या छपाईच्या फाइली जायच्या आहेत. तेव्हा ‘ट्यूनटूएफएस’, मग वजाचिन्हासह लहान ‘एम’, मग १ हा आकडा आणि शेवटी डिस्कचे नाव, एवढे लिहून एंटर दाबले. त्यावर एक ओळ उमटली : राखीव ब्लॉकांची टक्केवारी १ केली, ९७,६७,५४१ ब्लॉक. डिस्क माउंट केलेलीच होती, तिच्यावर एका संगणकावरून फाइलीही येत होत्या. काहीही थांबवावे लागले नाही.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण ही युक्ती एकदा कळली की माणूस दिसेल त्या डिस्कवर शून्य टाकत सुटतो. ज्या विभागावर (पार्टिशनवर) कार्यप्रणाली आहे, त्यावर राखीव जागा काढू नये. लॉग फाइलने तो विभाग भरला आणि राखीव काहीच नसले, तर साफसफाई करण्यासाठी लॉगिन झालात तरी प्रत्येक साधी गोष्ट तात्पुरती फाइल लिहिता न आल्यामुळे अडते. निव्वळ साठ्याच्या डिस्कवर मी १ टक्का ठेवतो आणि फार मोठी असेल तर अर्धा, दशांश चालतो. टक्केवारीऐवजी नेमके ब्लॉक सांगायचे असतील तर लहान ‘आर’ आहे. राखीव जागा रूटऐवजी दुसऱ्या एखाद्या वापरकर्त्याला किंवा गटालाही उघडी करता येते, ही सोय फारच कमी लोकांना ठाऊक असते. डेटाबेस ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला हा राखीव साठा नेमून दिला, तर त्या डिस्कवर बाकी कोणी कितीही कचरा केला तरी डेटाबेसला शेवटचा घास मिळतो. मला स्वतःला हे या साधनातले सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत शहाणे सेटिंग वाटते.

बदल करण्याआधी वाचण्याचे काम येते आणि त्यात हे साधन उत्तम आहे. लहान ‘एल’ दिला की सुपरब्लॉकमधल्या सगळ्या नोंदी एका पडदाभर उतरतात : फाइल सिस्टिम कधी जन्मली, शेवटचे माउंट कधी आणि कुठे झाले, शेवटची तपासणी कधी झाली, आजवर एकूण किती डेटा तिच्यावर लिहिला गेला. मागे काही बिघाड नोंदला गेला असेल तर त्याची संख्या आणि पहिल्या चुकीची वेळही दिसते. नवा सर्व्हर ताब्यात घेताना मी आधीच्या माणसाने लिहून ठेवलेल्या वहीपेक्षा या पानावर जास्त विश्वास ठेवतो. ‘डिस्क अगदी नवी आहे’ असे सांगून सोपवलेली यंत्रे या पानावर जन्मतारखेसह उघडी पडलेली मी दोनदा पाहिली आहेत.

आता तक्रारीची पहिली बाब. या साधनाचे पर्याय एकेका इंग्रजी अक्षराचे आहेत आणि त्यातली बहुतेक अक्षरे लहान आणि मोठ्या अशा दोन्ही रूपांत वेगवेगळ्या अर्थाने वापरली आहेत. देवनागरीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा भेद तसाही उपराच. फोनवरून कोणाला सांगायचे झाले तर प्रत्येक वेळी ‘लहान’ आणि ‘मोठा’ हे विशेषण जोडावे लागते. लहान ‘आय’ म्हणजे दोन तपासण्यांमधला कालावधी, तर मोठा ‘आय’ म्हणजे आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, आकार, आणि त्यासाठी अख्खी आयनोड-सारणी नव्याने लिहावी लागते. लहान ‘यू’ने राखीव जागेचा धनी ठरतो, मोठ्या ‘यू’ने फाइल सिस्टिमची ओळखच बदलते. लहान ‘सी’ म्हणजे किती माउंटनंतर तपासणी व्हावी, मोठा ‘सी’ म्हणजे आतापर्यंत किती माउंट झाले असे मानावे. लहान ‘ओ’ने माउंटचे ठरीव पर्याय, मोठ्या ‘ओ’ने फाइल सिस्टिमची वैशिष्ट्ये. एका बाजूला निरुपद्रवी सेटिंग आणि त्याच्याच मोठ्या भावाच्या हातात सुरी, अशी ही मांडणी आहे. बहुतेक धोकादायक पर्याय माउंट केलेल्या डिस्कवर चालण्यास नकार देतात म्हणून निभावते, पण मांडणी वाईटच.

तपासणीच्या सेटिंगवरून एक जुना प्रसंग आठवतो. २०१० च्या सुमारास एका दूध संघाच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. त्यावर एक्स्ट-३ची २ टीबीची साठवण होती. विजेच्या दुरुस्तीसाठी रात्री सर्व्हर बंद केला आणि पहाटे सुरू केला, तर पडद्यावर संदेश आला की या फाइल सिस्टिमची दोनशेहून अधिक दिवसांत तपासणी झालेली नाही, म्हणून ती आता सक्तीने होईल. त्या काळी फॉरमॅट करतानाच दर १८० दिवसांनी आणि ठरावीक माउंटनंतर तपासणी व्हावी असे लिहिले जाई. मी ते सेटिंग पाहिलेच नव्हते. तपासणीचा काटा टक्क्या-टक्क्याने सरकत होता, बाहेर संकलनाच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि अडीच तास सगळी मापे कागदाच्या वहीत लिहिली गेली. तपासणी पूर्ण झाल्यावर मी लहान ‘सी’ आणि लहान ‘आय’ दोन्ही शून्य केले आणि तपासणीसाठी महिन्यातला एक रविवार माझ्या वहीत नेमून घेतला. ईटूएफएसप्रॉग्जच्या नंतरच्या आवृत्त्यांनी ही सक्तीची तपासणी मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हा त्रास केवळ माझाच नव्हता हे उघड आहे. जुन्या काळात फॉरमॅट झालेली डिस्क आजही वापरात असेल तर मात्र ते जुने आकडे तिच्या सुपरब्लॉकमध्ये तसेच असतात. वरची कार्यप्रणाली कितीही वेळा नवी केली तरी ते बदलत नाहीत. कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमधल्या ओळीचा सहावा रकाना शून्य असेल तर ही तपासणी सुरू होताना होतच नाही, हेही ध्यानात ठेवावे. दोन्ही ठिकाणे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आता ज्या प्रसंगात मी अडकलो तो. एका पतसंस्थेच्या सर्व्हरची १ टीबीची डिस्क भरत आली होती. शनिवारी रात्री मी ती जशीच्या तशी ४ टीबीच्या नव्या डिस्कवर उतरवली आणि नव्या डिस्कवरची फाइल सिस्टिम वाढवून घेतली. अशी हुबेहूब प्रत काढली की दोन्ही डिस्कवर एकच यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख-क्रमांक, असतो आणि एफएसटॅबमध्ये माउंट तर यूयूआयडीनेच लिहिलेले असते, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क पकडली जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे जुन्या डिस्कला नवा यूयूआयडी द्यायचा, असे ठरवून मी मोठा ‘यू’ आणि ‘रँडम’ लिहून कमांड दिली. नाव मात्र आठवणीतून लिहिले. मधल्या रीस्टार्टमध्ये दोन डिस्कांच्या नावांची अदलाबदल झाली होती आणि मी नव्याच डिस्कची ओळख बदलून टाकली. काहीही तक्रार न करता सर्व्हर सुरू झाला, कारण मागितलेला यूयूआयडी असलेली डिस्क त्याला सापडली होती. फक्त ती जुनी होती. सोमवारचे आणि मंगळवारचे सगळे व्यवहार जुन्या डिस्कवर गेले. बुधवारी सकाळी डीएफच्या यादीत एकूण जागा ४ टीबीच्या घरात दिसायला हवी होती तिथे १ टीबीच्या आतला आकडा दिसला, तेव्हा पोटात गोळा आला. दोन्ही डिस्कांवर लहान ‘एल’ चालवून शेवटच्या माउंटची तारीख पाहिली आणि सगळे उलगडले. त्या संध्याकाळी दोन दिवसांचे काम नव्या डिस्कवर आणले, जुनीला नवा यूयूआयडी दिला आणि नवीला जुना यूयूआयडी एकेक अक्षर तपासत परत दिला. ‘रँडम’ऐवजी नेमका यूयूआयडी लिहिला तरी हे साधन तो स्वीकारते, ही सोय तेव्हा देवासारखी धावून आली.

चूक माझी होती, यात वाद नाही. तरीही परीक्षण म्हणून हे नोंदवतो की, हे साधन अशा वेळी काहीच विचारत नाही. ‘या डिस्कवर अमुक नावाची, अमुक आकाराची फाइल सिस्टिम आहे, तिचा यूयूआयडी बदलू का?’ एवढी एक ओळ दाखवली असती तर ४ टीबी हा आकडा माझ्या डोळ्यांना टोचला असता. आधी नुसते करून दाखव, मग खरे कर, असा पर्यायच यात नाही. आणि जिथे ते विचारते तिथली तऱ्हा आणखी गमतीची आहे. अलीकडच्या फाइल सिस्टिममध्ये मेटाडेटाची (फाइलींविषयीच्या नोंदींची) चेकसम, म्हणजे बिघाड ओळखण्यासाठीचा पडताळ्याचा आकडा, असते आणि ती यूयूआयडीवर आधारलेली असल्यामुळे यूयूआयडी बदलला की साऱ्या चेकसम पुन्हा लिहाव्या लागतात. अशा वेळी सूचना येते की या कामाला वेळ लागू शकेल, पुढे जायचे का, आणि काहीच उत्तर दिले नाही तर पाच सेकंद थांबून ते आपणहून पुढे जाते. प्रश्नाशेजारी कंसातला ‘एन’ मोठ्या अक्षरात असतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटते की गप्प राहिलो तर नकार धरला जाईल. प्रत्यक्षात मौन म्हणजे संमती. चहाचा कप उचलायला हात वळवला तेवढ्यात पाच सेकंद संपतात.

याच ठिकाणी एक कौतुकही करायला हवे. चेकसम असलेल्या आणि माउंट केलेल्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी बदलायला गेलात तर हे साधन नुसते नाही म्हणत नाही. फाइल सिस्टिम अनमाउंट करा, किंवा तुमचे सगळे कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.४ च्या पुढचे असतील तर अमुक वैशिष्ट्य चालू करा आणि पुन्हा या, असे कमांडसकट सांगते. तसेच मोठे फेरबदल करताना, आधी एफएससीके या तपासणीच्या कमांडने नुकतीच तपासलेली फाइल सिस्टिम हवी, असा आग्रह ते धरते आणि तपासणीची कमांडही लिहून देते. नकार देताना वाट दाखवणारी साधने मी फार पाहिलेली नाहीत.

जे बदलता येत नाही त्याविषयी मात्र साधनाच्या माहितीपानात (मॅन पेज) ठळकपणे काही सापडत नाही, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. ब्लॉकचा आकार बदलत नाही. आयनोडची संख्याही बदलत नाही. फॉरमॅट करताना साधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक आयनोड, या हिशेबाने ती संख्या कायमची ठरते, म्हणजे १०० जीबीच्या विभागाला ६५,५३,६०० आयनोड मिळतात आणि तेवढ्याच फाइली व फोल्डर त्यात मावतात. एका संकेतस्थळाच्या सर्व्हरवर लघुचित्रांच्या दोन-तीन केबीच्या फाइली लाखांनी साचल्या होत्या. निम्म्याहून अधिक डिस्क मोकळी दिसत असताना ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येऊ लागला आणि तिथला तरुण व्यवस्थापक मोठ्या आशेने ट्यूनटूएफएसची पाने उलटत बसला होता. डीएफला ‘आय’ जोडून आयनोड मोजले तेव्हा वापर १०० टक्के निघाला. त्याला सांगावे लागले की इथे हे अवजार उपयोगाचे नाही : एक तर सगळे उचलून दुसरीकडे ठेवा, आयनोड वाढवून पुन्हा फॉरमॅट करा आणि परत आणा, किंवा खाली एलव्हीएम (विभागांचा आकार नंतर बदलू देणारी व्यवस्था) असेल तर विभाग मोठा करा, कारण फाइल सिस्टिम वाढली की नव्या जागेबरोबर नवे आयनोडही येतात. त्याच्याकडे एलव्हीएम होते. त्याचे नशीब.

आयनोडचा आकार मात्र बदलता येतो आणि त्याला येत्या काळात महत्त्व येणार आहे. जुन्या फाइल सिस्टिमचे आयनोड १२८ बाइटचे असत आणि त्यात १९ जानेवारी २०३८ च्या पुढची वेळ लिहायला जागाच नाही. २५६ बाइटच्या आयनोडात जादा बिट असल्याने एक्स्ट-४ थेट २४४६ पर्यंत पोहोचते. मोठा ‘आय’ आणि २५६ असे लिहिले की रूपांतर होते. पण आधी ‘सहसा’ या शब्दावर जो जोर दिला होता तो इथे लागू पडतो. हे काम सुपरब्लॉकमधला एक आकडा बदलून भागत नाही, सगळी आयनोड-सारणी नव्या मापाने लिहिली जाते, जागा करण्यासाठी डेटाचे ब्लॉकही हलवावे लागतात, आणि मध्येच वीज गेली तर फाइल सिस्टिम हातची जाऊ शकते. माहितीपान तसे स्पष्ट बजावते. माझ्याकडे अशी एकच जुनी डिस्क उरली होती आणि भरपूर विचार करून मी हा पर्याय वापरला नाही. नवी डिस्क घेतली, नव्याने फॉरमॅट केली आणि फाइली उतरवून घेतल्या. ज्या रूपांतराआधी पूर्ण बॅकअप घ्यावाच लागतो, तिथे बॅकअप घेतल्यावर सरळ फॉरमॅटच करून टाकणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

मोठ्या ‘ओ’ने चालू-बंद करायच्या वैशिष्ट्यांवर स्वतंत्र लेख होईल, म्हणून एकच उदाहरण देतो. वैशिष्ट्याच्या नावाआधी टोपीचे चिन्ह (^) लावले की ते बंद होते. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ईटूएफएसप्रॉग्ज १.४७.० मध्ये ‘ऑर्फन फाइल’ नावाचे एक वैशिष्ट्य फॉरमॅट करतानाच चालू होऊ लागले. नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट केलेली बॅकअपची डिस्क मी जुन्या सर्व्हरला जोडली, तर ती माउंट झाली, फाइली दिसल्या, पण रीस्टार्टच्या वेळी तिथल्या जुन्या एफएससीकेने ‘सी-१२’ असे गूढ नाव घेऊन तपासणीला नकार दिला आणि सर्व्हर आपत्कालीन अवस्थेत जाऊन बसला. डिस्क पुन्हा लॅपटॉपला लावून, अनमाउंट अवस्थेत, टोपी लावून ते वैशिष्ट्य काढले आणि काम दोन मिनिटांत संपले. हे साधन नसते तर पुन्हा फॉरमॅट आणि पुन्हा रात्रभर कॉपी, हे ठरलेले होते.

बिघाड दिसल्यावर कर्नलने काय करावे हे ठरवणारा लहान ‘ई’ मी प्रत्येक सर्व्हरवर पहिल्या दिवशीच लावतो. मूळ सेटिंग ‘चालू ठेवा’ असे असते आणि ते मला कधीच पटलेले नाही. हिशेबाच्या डिस्कवर गडबड दिसल्यावरही लिहीत राहणे म्हणजे पायरी तुटलेली कळल्यावरही जिना चढत राहणे. मी तिथे ‘फक्त-वाचनासाठी पुन्हा माउंट करा’ असे लिहितो. डेबियनचा इन्स्टॉलर हेच रूटच्या विभागासाठी एफएसटॅबमध्ये लिहितो, पण एफएसटॅब त्या यंत्रापुरता असतो आणि सुपरब्लॉक डिस्कबरोबर जातो, म्हणून मला सुपरब्लॉकमधली नोंद जास्त भरवशाची वाटते.

आधी नुसते करून पाहण्याचा पर्याय नसल्याची तक्रार वर केली, त्यावर दोन उतारे आहेत. लहान ‘झेड’ देऊन एका फाइलचे नाव सांगितले की बदलण्याआधीचे ब्लॉक त्या फाइलमध्ये जपले जातात आणि ‘ईटूअनडू’ वापरून मागे फिरता येते. मात्र ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. मध्येच वीज गेल्यास तिच्यावर विसंबू नये, असे माहितीपानच सांगते. दुसरा उतारा मला अधिक आवडतो. ट्यूनटूएफएसला खरी डिस्कच लागते असे नाही. एखाद्या रिकाम्या मोठ्या फाइललाच एक्स्ट-४ मध्ये फॉरमॅट करावे आणि तिच्यावर वाटेल तेवढे प्रयोग करावेत. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिला आठवडा हेच करायला लावतो. माहितीपानाच्या तळाशी, आम्हाला अजून दोष सापडलेले नाहीत, याचा अर्थ दोष नाहीत असा नव्हे, अशा आशयाचे एक वाक्य आहे. ते मुलांना फार आवडते.

पाचपैकी मी या साधनाला चार तारे देतो. एक तारा अक्षरांच्या गोंधळाने आणि त्या पाच सेकंदांच्या प्रश्नाने कापला. ज्यांच्या सर्व्हरवर एक्सएफएस ही वेगळी फाइल सिस्टिम आहे, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून तोच मूळ पर्याय असल्याने असे पुष्कळ आहेत, त्यांना याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी एक्सएफएस-अ‍ॅडमिन आहे, ते थोडेच करते, पण नाव आणि यूयूआयडी त्यानेही बदलतात.

नावावरून आठवले. मोठ्या ‘एल’ने फाइल सिस्टिमला नाव देता येते आणि ते मराठीत देण्याची हौस मला एकदा आली. मर्यादा १६ची आहे, पण अक्षरांची नाही, बाइटची. देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा, तीन-तीन बाइट खातो. प्रयोगाच्या फाइलला ‘संग्रह’ असे नाव दिले. ते सहा घटकांचे, म्हणजे १८ बाइटचे. नाव लांब असल्याने छाटत आहे, एवढे सांगून ट्यूनटूएफएसने ‘संग्र’ ठेवले आणि ‘ह’चा पहिला मोडका बाइट शेपटीला लोंबकळत सोडला. मग ‘लेखा’ लिहून पाहिले. चार घटक, १२ बाइट, नीट बसले. एक्सएफएसमध्ये मर्यादा १२ बाइटचीच आहे. ‘लेखा’ तिथेही काठोकाठ मावते.